एन.बी.ए. ड्राफ्टमधील वयाची अट

एन.बी.ए. ड्राफ्टमधील वयाची अट म्हणजे अमेरिका व कॅनडातील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या व्यावसायिक संघटनेत खेळू इच्छिणाऱ्या तरुण खेळाडूने किमान किती वयाचे असावे, हे ठरविणारा नियम होय. इ.स. २००५ पासून ही अट १९ वर्षे आहे. एन.बी.ए.मध्ये नवा खेळाडू स्वतःच्या पसंतीचा संघ निवडत नाही. दरवर्षी जूनच्या सुमारास होणाऱ्या ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने खेळाडूंची निवड करतात. त्यामुळे ज्याला ड्राफ्टमध्ये प्रवेश नाही, त्याला एन.बी.ए.चे दार बंद असते. ही अट कायदेमंडळाने घातलेली नाही. संघांचे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारात ती लिहिलेली आहे, आणि तिच्याविषयीचे बहुतेक वाद याच गोष्टीतून निर्माण झाले आहेत.

सध्याचा नियम

नियमाचे दोन भाग आहेत. पहिला भाग सर्वांना लागू होतो: ज्या वर्षी ड्राफ्ट होतो, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळाडूला १९ वर्षे पूर्ण झाली पाहिजेत. दुसरा भाग फक्त अमेरिकी व्यवस्थेतून आलेल्या खेळाडूंसाठी आहे. ज्या वर्गाबरोबर खेळाडूने हायस्कूल पूर्ण केले, किंवा तो नेहमीप्रमाणे शिकत राहिला असता तर पूर्ण केले असते, त्या वर्गाच्या उत्तीर्णतेनंतर एन.बी.ए.चा किमान एक हंगाम उलटलेला असला पाहिजे. अमेरिकेत हायस्कूल बारावीच्या इयत्तेला संपते, म्हणजे साधारण अठराव्या वर्षी.

मोजणी वाढदिवसाने होत नाही, दिनदर्शिकेच्या वर्षाने होते. त्यामुळे निवडीच्या दिवशी खेळाडू १८ वर्षांचाही असू शकतो. २१ डिसेंबर २००६ रोजी जन्मलेले कूपर फ्लॅग यांनी एक इयत्ता वाचवून २०२४ मध्येच हायस्कूल पूर्ण केले, एक वर्ष ड्यूक विद्यापीठात खेळले आणि जून २०२५ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी ड्राफ्टमधील पहिली निवड ठरले. उलट उदाहरण फ्रान्सच्या व्हिक्टर वेम्बान्यामा यांचे. त्यांचा जन्म ४ जानेवारी २००४ चा. चार दिवस आधी जन्मले असते तर ते २०२२ च्या ड्राफ्टला पात्र ठरले असते. त्यांना २०२३ पर्यंत थांबावे लागले, आणि त्या वर्षी सॅन अँटोनियो स्पर्सने त्यांना पहिल्या क्रमांकावर निवडले.

करारातील ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’ ही संज्ञा नागरिकत्वावरून ठरत नाही. ड्राफ्टपूर्वी किमान तीन वर्षे अमेरिकेबाहेर कायम वास्तव्य असलेला, अमेरिकेत हायस्कूल पूर्ण न केलेला आणि तेथील महाविद्यालयात कधीही नाव न घातलेला खेळाडू या वर्गात येतो. तो ज्या वर्षी २२ वर्षांचा होतो, त्या वर्षी आपोआप पात्र ठरतो. त्याआधी यायचे असेल तर त्याला लेखी अर्ज करावा लागतो. महाविद्यालयाची चार वर्षे पूर्ण न केलेल्या अमेरिकी खेळाडूलाही असाच अर्ज करावा लागतो, आणि ठराविक मुदतीपर्यंत तो मागे घेता येतो.

चार वर्षांचा जुना नियम

सुरुवातीच्या काळात एन.बी.ए.चा नियम अधिक कडक होता. हायस्कूल संपल्यावर चार वर्षे होईपर्यंत कोणालाही संघात घेता येत नसे, मग तो खेळाडू महाविद्यालयात शिकत असो वा नसो. महाविद्यालयीन बास्केटबॉल तेव्हा एन.बी.ए.हून अधिक लोकप्रिय होते. चार वर्षांच्या अटीमुळे महाविद्यालयांना आपले उत्तम खेळाडू राखता येत, आणि एन.बी.ए.ला प्रशिक्षणाचा खर्च न करता प्रसिद्धी मिळालेले तयार खेळाडू मिळत.

या नियमाचा फटका बसलेले सर्वांत मोठे नाव विल्ट चेंबरलेन यांचे आहे. कॅन्सस विद्यापीठ त्यांनी १९५८ मध्ये एक वर्ष आधीच सोडले, पण एन.बी.ए. त्यांना घेऊ शकत नव्हती. ते वर्ष त्यांनी हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघाबरोबर काढले आणि १९५९ मध्ये फिलाडेल्फिया वॉरियर्समध्ये दाखल झाले.

हेवूड खटला

नियम मोडला तो स्पेन्सर हेवूड यांच्यामुळे. मिसिसिपी राज्यातील सिल्व्हर सिटी या खेड्यात १९४९ मध्ये जन्मलेले हेवूड कापूस वेचणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातील होते आणि लहानपणी स्वतःही शेतात राबले होते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी, ते सुवर्णपदक विजेत्या अमेरिकी संघाचे प्रमुख खेळाडू होते. डेट्रॉइट विद्यापीठात एक हंगाम खेळल्यावर १९६९ मध्ये त्यांनी व्यावसायिक खेळाकडे वळण्याचे ठरविले.

एन.बी.ए.चा रस्ता बंद होता. मात्र १९६७ मध्ये सुरू झालेली अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना खेळाडूंच्या शोधात होती. घरच्या आर्थिक अडचणीचा अपवाद करून तिने हेवूड यांना डेन्व्हर रॉकेट्स या संघातून खेळू दिले. पहिल्याच हंगामात त्यांनी सामन्यामागे सरासरी ३० गुण व १९.५ रिबाउंड नोंदविले आणि सर्वोत्कृष्ट नवोदित व सर्वोत्कृष्ट खेळाडू हे दोन्ही किताब मिळविले. पुढे कराराच्या रकमेवरून वाद झाला. कागदावरचा आकडा सुमारे १९ लाख डॉलर होता, पण त्यातील मोठा भाग अनेक वर्षांनी आणि अटींसह मिळणार होता. हेवूड यांनी तो करार झुगारला व डिसेंबर १९७० मध्ये सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सचे मालक सॅम शुल्मन यांच्याशी सहा वर्षांचा, १५ लाख डॉलरचा करार केला.

हायस्कूल संपून चार वर्षे झाली नव्हती, म्हणून एन.बी.ए.ने करार अमान्य केला. हेवूड व शुल्मन न्यायालयात गेले. खटला चालू असताना हेवूड कधी न्यायालयाच्या आदेशाने खेळत, तर कधी आदेश उठल्यामुळे बाहेर बसत. परगावी सामन्यापूर्वी ‘मैदानावर एक नियमबाह्य खेळाडू आहे’ अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून होत असे, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

१ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी कनिष्ठ न्यायालयाचा मनाई हुकूम पुन्हा लागू केला आणि हेवूड यांना खेळण्याची मुभा मिळाली. हा आदेश अनेक ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल म्हणून सांगितला जातो, ते बरोबर नाही. डग्लस यांनी तो विभागाचे प्रभारी न्यायमूर्ती या नात्याने, खटल्याचा निवाडा होईपर्यंतच्या काळासाठी दिला होता. खेळाडूचे शारीरिक उमेदीचे दिवस मोजके असतात आणि ते वाया गेले तर पुढे भरून देता येत नाहीत, हा त्यामागील मुख्य विचार होता. नियमाच्या गुणदोषांचा निर्णय कॅलिफोर्नियातील जिल्हा न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी दिला. सर्व संघांनी मिळून एखाद्याला काम नाकारणे हा सामूहिक बहिष्कार असून तो १८९० च्या शर्मन मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरतो, असे त्यांनी म्हटले. आपल्यावर नियम लागू करू नये असे मांडण्याची कोणतीही सोय खेळाडूला नव्हती, यावरही त्यांनी बोट ठेवले. यानंतर एन.बी.ए.ने तडजोड केली. हेवूड सिअ‍ॅटलमध्येच राहिले. २०१५ मध्ये त्यांचा समावेश बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये झाला.

अडचणीची सवलत आणि नंतरची वीस वर्षे

१९७१ मध्येच एन.बी.ए.ने आर्थिक अडचण दाखविणाऱ्या खेळाडूंना चार वर्षांच्या आत येण्याची सवलत दिली. अडचण सिद्ध करणे फारसे कठीण नव्हते. १९७६ मध्ये ही अटही काढून टाकण्यात आली आणि केवळ अर्ज करणे पुरेसे ठरले.

दार उघडले तरी हायस्कूलमधून थेट येणारे विरळच होते. मोझेस मलोन १९७४ मध्ये व्हर्जिनियातील पीटर्सबर्गच्या शाळेतून प्रतिस्पर्धी संघटनेच्या यूटा स्टार्स संघात गेले. पुढच्या वर्षी डॅरिल डॉकिन्स हे एन.बी.ए. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडले गेलेले पहिले हायस्कूल खेळाडू ठरले. त्याच ड्राफ्टमध्ये बिल विलोबी यांचीही निवड झाली. त्यानंतर जवळपास दोन दशके हा मार्ग ओस पडला.

हायस्कूलमधून थेट: १९९५ ते २००५

१९९५ मध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्जने शिकागोच्या एका हायस्कूलमधील केव्हिन गार्नेट यांना पाचव्या क्रमांकावर निवडले. पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट तेराव्या क्रमांकावर निवडले गेले. त्या वेळी ते १७ वर्षांचे असल्याने त्यांच्या करारावर पालकांनाही सही करावी लागली. १९९५ ते २००५ या काळात हायस्कूलमधील एकूण ३९ खेळाडू निवडले गेले. २००१ मध्ये क्वामी ब्राउन, २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स आणि २००४ मध्ये ड्वाइट हॉवर्ड हे तिघे तर पहिल्या क्रमांकाचे मानकरी होते. २००४ च्या पहिल्या फेरीत असे आठ खेळाडू होते.

या लाटेमागे एक हिशेब होता. १९९५ च्या करारापासून नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमांकानुसार बांधले गेले. त्याआधी नवोदितही प्रचंड रक्कम मागू शकत. १९९४ चे पहिले निवडलेले ग्लेन रॉबिन्सन यांचा करार १० वर्षांचा व ६.८ कोटी डॉलरचा होता. पहिला करार बांधील झाल्यावर खरा पैसा दुसऱ्या करारात आला, आणि जो लवकर येईल त्याचा दुसरा करार लवकर होऊ लागला. गार्नेट यांनी १९९७ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, सहा वर्षांसाठी १२.६ कोटी डॉलरचा करार केला. तो पाहून मालकवर्ग हादरला. १९९८-९९ च्या हंगामातील टाळेबंदीच्या कारणांमध्ये या कराराचा उल्लेख नेहमी होतो.

यश सर्वांच्या वाट्याला आले नाही. कॉर्लिओन यंग १९९८ मध्ये चाळिसाव्या क्रमांकावर निवडले गेले आणि एन.बी.ए.चे केवळ तीन सामने खेळले. शालेय पातळीवर देशातील अग्रगण्य गणले गेलेले लेनी कुक यांना २००२ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नाही. हौशी दर्जा गमावलेल्या खेळाडूला महाविद्यालयाची शिष्यवृत्तीही मिळत नसल्याने, निवड न झालेल्याचे दोन्ही रस्ते बंद होत. ही हानी खरी होती. पण वयाची अट हाच तिच्यावरचा एकमेव उपाय होता असे नाही: निवड न झालेल्याला महाविद्यालयात परत घेण्याचा नियमही करता आला असता, आणि तो अंशतः २०१८ मध्ये झालाही.

२००५ चा करार

आयुक्त डेव्हिड स्टर्न यांची मागणी २० वर्षांची होती. खेळाडू संघटनेशी झालेल्या वाटाघाटीत ती १९ वर आली. संघांना शाळांच्या व्यायामशाळांतून पोरांच्या मागे फिरावे लागू नये आणि त्यांची पारख एका वरच्या पातळीवर व्हावी, असा संघमालकांचा युक्तिवाद होता. कोट्यवधी डॉलरची निवड चुकण्याचा धोका त्यामुळे कमी होणार होता. वयाची अट हा संघटनेच्या दृष्टीने देवाणघेवाणीचा मुद्दा होता. शिवाय संघातील जागा ठरावीक असतात. एक नवोदित आला की एका जुन्या खेळाडूची जागा जाते, हेही संघटनेच्या सदस्यांना ठाऊक होते.

विरोधही झाला. स्वतः हायस्कूलमधून आलेले जर्मेन ओ’नील यांनी या अटीमागे वर्णाचा मुद्दा आहे का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. बेसबॉल व आइस हॉकीत १८ व्या वर्षी व्यावसायिक होता येते, त्या खेळांत गौरवर्णीय मुलांची संख्या मोठी असते आणि तेथे शिक्षणाची चिंता कोणी करत नाही, असे टीकाकार दाखवून देत. कायद्याचे अभ्यासक मायकेल मॅकॅन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हायस्कूलमधून आलेले खेळाडू एकंदरीत इतरांपेक्षा सरसच ठरल्याचे मांडले होते.

२००५ चा ड्राफ्ट जुन्या नियमाने झाला. त्यातील ॲन्ड्र्यू बायनम हे लॉस एंजेलिस लेकर्सकडून १८ वर्षे ६ दिवस या वयात खेळले आणि एन.बी.ए.तील सर्वांत लहान खेळाडू ठरले. नियम तोच राहिला तर हा विक्रम मोडला जाणे शक्य नाही.

कायद्याची बाजू

१९७१ मध्ये बेकायदा ठरलेली अट २००५ मध्ये कायदेशीर कशी, हा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. फरक अट कोणी घातली यात आहे. जुना नियम मालकांनी एकतर्फी केला होता. नवा नियम मालक व कामगार संघटना यांच्यातील वाटाघाटीतून आला. अशा वाटाघाटींना संरक्षण मिळावे म्हणून अमेरिकी न्यायालयांनी कामगारविषयक करारांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली आहे.

या सुटीची कसोटी फुटबॉलमध्ये लागली. मॉरिस क्लॅरेट या महाविद्यालयीन खेळाडूने नॅशनल फुटबॉल लीगच्या तीन वर्षांच्या अटीला आव्हान दिले. फेब्रुवारी २००४ मध्ये जिल्हा न्यायालयात ते जिंकले, पण काही महिन्यांतच अपील न्यायालयाने निकाल फिरविला. तो निकाल सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला होता. त्या पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. संघटना आपल्या सध्याच्या सदस्यांचे हित भावी सदस्यांच्या हितापुढे ठेवू शकते आणि इतर कोणत्याही उद्योगात हे चालतेच, असा त्या निकालाचा गाभा आहे.

वयाच्या अटीवरील सर्वांत गंभीर आक्षेप याच ठिकाणी येऊन थांबतो. ज्याच्यावर अट लागू होते तो १७ वर्षांचा मुलगा संघटनेचा सदस्य नसतो, त्याला मत नसते. सदस्य होऊन मत मिळेपर्यंत अट त्याच्या मागे पडलेली असते, आणि ती कायम राहण्यात आता त्याचाही फायदा असतो.

‘वन अँड डन’

एक वर्ष महाविद्यालयात काढून निघून जाण्याच्या प्रथेला ‘वन अँड डन’ म्हणतात. नियमात महाविद्यालयाचा उल्लेख अट म्हणून कोठेही नाही. वर्ष कोठे काढायचे ते खेळाडूने ठरवायचे असते. तरीही बहुतेकांनी महाविद्यालयच निवडले. २०१० ते २०२२ या १३ वर्षांत ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला प्रत्येक खेळाडू महाविद्यालयात नेमका एक हंगाम काढून आला होता. त्यांपैकी कायरी अर्विंग पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे ड्यूक विद्यापीठाकडून केवळ ११ सामने खेळले होते.

ते एक वर्ष खेळाडूला महाग पडू शकते. नर्लेन्स नोएल २०१३ च्या ड्राफ्टमधील संभाव्य पहिली निवड मानले जात होते. त्या वर्षी फेब्रुवारीत केंटकी विद्यापीठाकडून खेळताना त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ते सहाव्या क्रमांकावर घसरले आणि पुढचा संपूर्ण हंगाम बाहेर बसले. त्या काळी महाविद्यालयीन खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला घेता येत नसे. नाव व प्रतिमा वापरून कमाई करण्याची परवानगी जुलै २०२१ पासून मिळाली.

काहींनी वेगळी वाट धरली. ब्रँडन जेनिंग्ज २००८ मध्ये इटलीत रोमच्या संघाकडून खेळले, इमॅन्युएल मुदिये २०१४ मध्ये चीनला गेले, तर लामेलो बॉल २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात. एन.बी.ए.ने आपल्या दुय्यम स्पर्धेत, म्हणजे जी लीगमध्ये, निवडक तरुणांना १,२५,००० डॉलर देण्याची योजना २०१८ मध्ये जाहीर केली आणि २०२० मध्ये त्यांच्यासाठी इग्नाइट हा स्वतंत्र संघ काढला. महाविद्यालयातच पैसे मिळू लागल्यावर त्याची गरज संपली व तो २०२४ मध्ये बंद झाला.

अट १८ वर आणण्याचे प्रयत्नही झाले. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील लाचखोरीची चौकशी उघड झाल्यावर नेमलेल्या, कॉंडोलीझ्झा राइस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये ‘वन अँड डन’ संपविण्याची शिफारस केली. आयुक्त ॲडम सिल्व्हर यांच्या काळात एन.बी.ए.ने २०१९ मध्ये तसा प्रस्ताव संघटनेला दिला. मात्र खेळाडूंची वैद्यकीय माहिती सर्व संघांना देण्यासारख्या मुद्द्यांवर बोलणी अडली, आणि २०२३ च्या करारात १९ ची अट तशीच ठेवण्यात आली.

युरोपातील पद्धत

युरोपात शाळा-महाविद्यालयांऐवजी क्लब खेळाडू घडवितात आणि तयार झालेल्या मुलाला थेट वरिष्ठ संघात घेतात. स्पेनच्या रिकी रुबियो यांनी २००५ मध्ये वयाच्या १४ व्या वर्षी देशाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत पदार्पण केले. स्लोव्हेनियाचे लुका डॉन्चिच १६ व्या वर्षी रेआल माद्रिदच्या मुख्य संघात होते. एन.बी.ए.ची अट त्यांनाही लागू होती, पण थांबण्याच्या काळात ते पगार घेऊन मोठ्यांविरुद्ध खेळत होते.

महिलांची स्पर्धा

महिलांच्या डब्ल्यू.एन.बी.ए.मध्ये अट बरीच कडक राहिली आहे. २०२० च्या करारानुसार अमेरिकी खेळाडूने ड्राफ्टच्या वर्षात २२ वर्षे पूर्ण केली पाहिजेत, किंवा महाविद्यालयीन पदवी वा हायस्कूलनंतरची चार वर्षे पूर्ण केली पाहिजेत. परदेशी खेळाडूंसाठी २० वर्षे पुरेशी आहेत. जन्मतारखेचा लाभ होऊन ज्युएल लॉइड २०१५ मध्ये महाविद्यालयाचा एक हंगाम शिल्लक असताना आल्या व पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेल्या. या अटीवर पुरुषांच्या नियमाइतकी चर्चा झाली नाही, कारण लवकर येण्यात आर्थिक लाभ थोडा होता. २०२४ ची पहिली निवड केटलिन क्लार्क यांचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. महाविद्यालयात असतानाची त्यांची जाहिरातींतील कमाई त्याहून कितीतरी अधिक होती.

भारतीय खेळाडू

पंजाबमधील बरनाळा जिल्ह्यातील बल्लो के गावचे सतनाम सिंग भमरा २०१० मध्ये फ्लोरिडातील आय.एम.जी. अकादमीत गेले आणि पाच वर्षे तेथे शिकले. डिसेंबर १९९५ चा जन्म असल्याने वयाची अट त्यांनी २०१५ पर्यंत पूर्ण केली होती. त्या वर्षी डॅलस मॅव्हरिक्सने त्यांना ५२ व्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्टमध्ये निवडले गेलेले ते भारतात जन्मलेले पहिले खेळाडू होत. २००५ च्या करारानंतर महाविद्यालयात वा व्यावसायिक संघात न खेळता थेट अकादमीतून निवड होण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. पुढे ते डॅलसशी संलग्न टेक्सस लेजंड्स या दुय्यम संघाकडून खेळले, एन.बी.ए.च्या नियमित हंगामातील सामना त्यांच्या वाट्याला आला नाही.

दिल्लीजवळ २०१७ मध्ये सुरू झालेल्या एन.बी.ए. अकादमीत तयार झालेले पंजाबचेच प्रिन्सपाल सिंग २०२०-२१ च्या हंगामात इग्नाइटच्या पहिल्या संघात होते. त्याच संघातील जेलन ग्रीन यांना २०२१ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने दुसऱ्या क्रमांकावर निवडले.